महागाईच्या नावाने वाढणारा किराया: सही करण्याआधी काय लिहून घ्यावे

नागपूर-हैदराबाद महामार्गाने हिंगणघाट मागे टाकले की पुढे वडनेर लागते. आजूबाजूच्या खेड्यांचा बाजार इथे भरतो. रस्त्याला लागून गाळे आहेत, आत वस्तीत किरायाच्या खोल्या आहेत. बदली होऊन आलेले शिक्षक, दवाखान्यातला किंवा बँकेतला कर्मचारी, कापसाच्या हंगामापुरता आलेला व्यापाऱ्याचा माणूस असे लोक खोली शोधतात. कृषी केंद्र, मेडिकल, झेरॉक्स, गॅरेज चालवणारे गाळे घेतात. यातले बहुतेक व्यवहार तोंडीच ठरतात. महिन्याचा किराया इतका, डिपॉझिट इतके, "आणि दरवर्षी महागाईप्रमाणे थोडीफार वाढ."

किरायदार पुढे अडकतो तो या शेवटच्या वाक्यात. महागाईप्रमाणे म्हणजे नेमके किती, हे त्या दिवशी कोणी विचारत नाही. वर्ष संपले की घरमालक आकडा सांगतो. कधी तो पाचशे रुपयांचा असतो, कधी दहा टक्क्यांचा, तर कधी "शेजारच्या गाळ्याला आता इतका मिळतो" एवढाच हिशेब असतो. महागाई खरी असते, पण तिचा आकडा सरकार दर महिन्याला जाहीर करते. तो कोणाच्या अंदाजावर सोडायचे काही कारण नाही. किराया महागाईशी जोडायचा असेल तर कोणता निर्देशांक, कोणत्या महिन्याचा आणि जास्तीत जास्त किती टक्के, या तीन गोष्टी करारात लिहिलेल्या असल्या पाहिजेत. किरायदाराचे बाकीचे हक्क या लिहिलेल्या ओळींच्या आधारानेच उभे राहतात.

तुमच्या जागेला कोणता कायदा लागतो?

भाड्याचा प्रश्न आला की कोणीतरी "कायद्याने चारच टक्के वाढवता येतात" असे सांगतो. हे सगळीकडे खरे नाही, म्हणून आधी कायद्याची बाजू समजून घेऊ.

पूर्वी मुंबई इलाख्यात १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता आणि आपल्या विदर्भात १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाड भाडे नियंत्रण आदेश होता. जुन्या लोकांना 'रेंट कंट्रोलर'ची परवानगी हा शब्दप्रयोग आठवत असेल, तो या आदेशातला. मुंबईच्या कायद्यात प्रमाणित भाडे १९४० सालच्या पातळीला बांधलेले होते. रुपयाची किंमत घसरत गेली, पण भाडे जागचे हलले नाही. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे गोठवलेले भाडे आता वाजवी राहिलेले नाही, असे स्पष्ट म्हटले. त्यानंतर 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९' आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि विदर्भाचा जुना आदेशही त्याने रद्द झाला. या कायद्याच्या कलम ११ ने घरमालकाला दरवर्षी ४ टक्के वाढ करण्याचा हक्क दिला. जागेत खास सुधारणा किंवा वाढीव बांधकाम केले तर त्या खर्चापोटी वेगळी वाढ मागता येते. परवानगीपेक्षा जास्त भाडे घेणे कलम १० प्रमाणे बेकायदा आहे.

मात्र या कायद्याला दोन मोठ्या मर्यादा आहेत. हा कायदा त्याच्या परिशिष्टांत नावे असलेल्या क्षेत्रांनाच लागतो. तिथेही काही जागा वगळलेल्या आहेत. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांनी घेतलेल्या जागांना त्याचे संरक्षण नाही. परिशिष्टाबाहेरच्या गावात १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे नियम लागतात आणि त्या कायद्यात वाढीवर टक्क्यांची मर्यादा नाही. तिथे करारात जे लिहिले असेल तेच चालते.

म्हणून सही करण्याआधी हिंगणघाटच्या दुय्यम निबंधक कार्यालयात किंवा तालुका विधी सेवा समितीत जाऊन एकच प्रश्न विचारा: "आमच्या गावातली ही जागा भाडे नियंत्रण कायद्याच्या परिशिष्टात येते का?" येत असेल तर चार टक्क्यांचा आधार मिळतो. येत नसेल तर तीच मर्यादा करारात लिहून घ्यायची जबाबदारी तुमची.

आणखी एक भेद लक्षात ठेवा. 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे फक्त जागा वापरण्याची परवानगी. त्यात भाडेकरूचा जागेवर हक्क निर्माण होत नाही आणि वाढ करारात लिहिल्याप्रमाणेच असते. 'भाडेपट्टा' असेल तर मुदत संपेपर्यंत ताबा तुमचा असतो. मालकाने मध्येच घर विकले तरी नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो आणि तुमचा पट्टा चालू राहतो. लायसन्समध्ये हे संरक्षण मिळत नाही. कागदाच्या वर काय शीर्षक आहे ते वाचा आणि आत काय लिहिले आहे तेही वाचा.

वाढ लिहिण्याच्या चार रीती

पहिली रीत ठरावीक टक्क्याची: "दरवर्षी ५ टक्के" किंवा "१० टक्के". हिशेब सोपा असल्याने हीच सर्वांत जास्त चालते. पण सोपी म्हणून स्वस्त असे नाही. ४,००० रुपये किरायाची खोली धरा. दरवर्षी १० टक्के वाढ असेल तर तीन वाढींनंतर किराया ५,३२४ रुपये होतो. ४ टक्के असेल तर तो साधारण ४,५०० वर थांबतो. महिन्याला सव्वाआठशे रुपयांचा फरक पडतो, वर्षाला जवळजवळ दहा हजारांचा. दहा टक्के महागाई देशात अलीकडच्या वर्षांत झालेली नाही. तेव्हा "महागाई आहे म्हणून दहा टक्के" हे म्हणणे आकड्यांत बसत नाही. घरमालकाला बाजारभाव म्हणून दहा टक्के मागण्याचे स्वातंत्र्य आहे, पण त्याला महागाईचे नाव देऊ नये आणि आपणही तसे समजून कबूल करू नये.

दुसरी रीत ठरावीक रकमेची: "दरवर्षी २०० रुपये". लहान खोल्यांसाठी ही चांगली. पुढच्या वर्षी किती द्यायचे ते आजच कळते आणि वाढीवर वाढ चढत नाही.

तिसरी रीत निर्देशांकाची. यात किराया सरकारी महागाई निर्देशांकाबरोबर वरखाली होतो. अटी नीट लिहिल्या तर दोघांनाही न्याय देणारी रीत हीच आहे.

चौथी रीत म्हणजे "चालू भावाप्रमाणे", "परस्पर संमतीने", "महागाईनुसार" असे मोघम शब्द. यातून काहीच ठरत नाही. असे वाक्य करारात असेल तर ते खोडून आकडा लिहायला सांगा. "परस्पर संमतीने" हे शब्द ठेवायचेच असतील तर पुढे "संमती न झाल्यास जुनाच किराया चालू राहील" ही ओळ जोडा.

निर्देशांकाचा हिशेब असा करा

महागाई मोजणारे दोन मुख्य निर्देशांक करारांत येतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा ग्राहक किंमत निर्देशांक साधारण दर महिन्याच्या १२ तारखेला येतो. ग्रामीण, शहरी आणि एकत्रित असे त्याचे तीन आकडे असतात. दुसरा श्रम ब्युरोचा, औद्योगिक कामगारांसाठीचा. तो महिन्याच्या शेवटी जाहीर होतो. कामगारांचा महागाई भत्ता ठरवताना तो वापरला जातो, म्हणून बऱ्याच नोकरदारांना तो ओळखीचा आहे. दोन्ही फुकट बघता येतात.

नियम एवढाच: जुन्या किरायाला नव्या निर्देशांकाने गुणायचे आणि जुन्या निर्देशांकाने भागायचे. श्रम ब्युरोचा अखिल भारतीय निर्देशांक डिसेंबर २०२३ मध्ये १३८.८ होता, डिसेंबर २०२४ मध्ये १४३.७ झाला. किराया ४,००० असेल तर ४,००० गुणिले १४३.७ भागिले १३८.८, म्हणजे ४,१४१ रुपये. वाढ १४१ रुपयांची.

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. १४३.७ मधून १३८.८ वजा केले की ४.९ उरतात. त्यालाच "४.९ टक्के" समजून १९६ रुपये मागितले जातात. ४.९ हे निर्देशांकाचे अंक आहेत, टक्के नाहीत. खरी वाढ साडेतीन टक्क्यांची आहे. हे दोन हिशेब शेजारी शेजारी मांडून दाखवले की घरमालकालाही लगेच पटते. फसवायचा हेतू बहुतेक वेळा नसतो, भागाकार राहून गेलेला असतो.

महिना कोणता धरायचा यानेही मोठा फरक पडतो. देशाच्या एकत्रित निर्देशांकावरून ऑक्टोबर २०२४ मध्ये महागाई ६.२१ टक्के होती. भाजीपाला आणि तेल त्या वेळी कडाडले होते. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, ती ०.२५ टक्क्यावर आली आणि ग्रामीण भागाचा आकडा तर शून्याच्याही खाली गेला. ४,००० च्या खोलीला ऑक्टोबर धरला असता तर पहिल्या वर्षी २४८ रुपये वाढले असते आणि दुसऱ्या वर्षी जेमतेम दहा-अकरा. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचे भाव चढले तेव्हा हाच दर ७.४४ टक्के होता. घराच्या भिंतीला टोमॅटोच्या भावाशी काही देणेघेणे नसते, पण २०१२ पायाच्या एकत्रित निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा जवळपास ४६ टक्के होता आणि घराचा १० टक्के. ग्रामीण निर्देशांकात तर खाण्यापिण्याचा वाटा ५४ टक्क्यांवर होता आणि घरभाडे धरलेलेच नव्हते.

म्हणून निर्देशांकाशी जोडताना कमाल मर्यादा लिहिलीच पाहिजे. "निर्देशांकाप्रमाणे, पण कोणत्याही वर्षी ४ टक्क्यांपेक्षा जास्त नाही" असे म्हटले की एखाद्या हंगामातल्या भाववाढीचा भार तुमच्या किरायावर येत नाही. चार टक्के हा आकडा सहज पटवून देता येतो. राज्याच्या भाडे कायद्यात तोच आहे आणि रिझर्व्ह बँकेला दिलेले महागाईचे लक्ष्यही चार टक्क्यांचेच आहे. निर्देशांक घसरला तर किराया कमी होणार की आहे तिथेच राहणार, तेही लिहा. घरमालक कमाल मर्यादा मान्य करत असेल तर "घटला तरी किराया कमी होणार नाही" ही त्याची अट मान्य करायला हरकत नाही.

पायाभूत वर्ष बदलते, हेही ध्यानात ठेवा. श्रम ब्युरोने २०२० मध्ये २००१ चा पाया सोडून २०१६ चा घेतला. ऑगस्ट २०२० चा निर्देशांक ३३८ होता, सप्टेंबरचा ११८.१ आला. भाव एका महिन्यात तिसऱ्या हिश्शावर आले नव्हते, मोजायची पट्टी बदलली होती. जोडण्यासाठी ब्युरोने २.८८ हा गुणक दिला. ११८.१ ला त्याने गुणले की ३४० येतात. करार लांब मुदतीचा असेल तर अशा जोडगुणकाचा उल्लेख असावा, नाहीतर पाया बदलल्याच्या वर्षी हमखास वाद होतो.

करारात घालायचा मजकूर

खालचा मजकूर जागेप्रमाणे बदलून वापरता येईल:

"किराया दरमहा रु. ४,००० राहील. पहिल्या १२ महिन्यांत त्यात वाढ होणार नाही. त्यानंतरची वार्षिक वाढ श्रम ब्युरोच्या औद्योगिक कामगारांसाठीच्या अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांकावरून ठरेल (पायाभूत वर्ष २०१६ = १००). करार सुरू होण्याच्या तीन महिने आधीच्या महिन्याचा निर्देशांक हा आरंभीचा निर्देशांक धरला जाईल व दरवर्षी त्याच महिन्याच्या निर्देशांकाशी तुलना होईल. कोणत्याही वर्षी वाढ ४ टक्क्यांपेक्षा जास्त होणार नाही. निर्देशांक घटल्यास किराया कायम राहील. पायाभूत वर्ष बदलल्यास ब्युरोने जाहीर केलेला जोडगुणक वापरला जाईल. वाढीची लेखी सूचना हिशेबासह किमान ३० दिवस आधी दिली जाईल. सूचना न दिल्यास मागील महिन्यांची वाढ थकबाकी म्हणून मागता येणार नाही."

तीन महिने आधीचा निर्देशांक घेण्याचे कारण साधे आहे. निर्देशांक उशिरा जाहीर होतो, त्यामुळे सही करतानाच आकडा हातात असला पाहिजे. तो आकडा करारात लिहूनच टाका. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. ते नसेल तर दोन वर्षे गप्प राहून तिसऱ्या वर्षी सगळी वाढ एकदम मागितली जाऊ शकते.

हा मजकूर एका वर्षाहून जास्त मुदतीच्या करारासाठी आहे. अकरा महिन्यांचा करार असेल तर त्यातील मुदतीचे शब्द बदलून "नूतनीकरण झाल्यास नवा किराया याच रीतीने ठरेल" असे लिहा. नूतनीकरणाचा हक्क तुम्हाला आहे की दोघांच्या मर्जीवर आहे, हेही स्पष्ट करा.

नोंदणी केल्याशिवाय पुढे जाऊ नका

पाचशेच्या स्टँपपेपरवर मजकूर टाइप करायचा, नोटरीचा शिक्का मारायचा आणि काम झाले असे समजायचे, ही रीत सर्रास आहे. नोटरी झाली म्हणजे नोंदणी झाली असे होत नाही. एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असलाच पाहिजे. तो नोंदलेला नसेल तर त्यातल्या अटींचा आधार न्यायालयात घेता येत नाही आणि राहण्याच्या किंवा दुकानाच्या जागेत भाडेकरू सामान्यतः महिनेवारी समजला जातो. याचा फटका दोघांनाही बसतो. मालकाला वाढीची अट दाखवता येत नाही आणि तुम्हाला तीन वर्षांची मुदत दाखवता येत नाही.

भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या क्षेत्रात तर कलम ५५ प्रमाणे लायसन्सचा करारही लेखी आणि नोंदणीकृतच हवा. ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे हे सिद्ध करणे मालकावर येते, शिवाय शिक्षेची तरतूदही आहे.

लिव्ह अँड लायसन्सच्या नोंदणीचा खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण किराया आणि डिपॉझिटवरचे १० टक्के दराचे व्याज मिळून येणाऱ्या रकमेच्या ०.२५ टक्के असते. ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये आहे. साध्या खोलीसाठी हे सगळे मिळून एका महिन्याच्या किरायाच्या निम्मेही होत नाही. नोंदणी ऑनलाइनही होते. खर्च कोणी करायचा हे आधी ठरवा. मालक टाळाटाळ करत असेल तर अर्धा खर्च स्वतः उचलायची तयारी दाखवा.

सही करण्याआधी मालकाकडून ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा आणि चालू वर्षाची टॅक्स पावती बघायला मागा. घर वडिलांच्या नावावर, व्यवहार धाकटा भाऊ करतो आणि थोरला नागपुरात राहतो, असे घरोघरी असते. किराया कोणाला द्यायचा आणि वाढ कोण मागू शकतो, हे त्या उताऱ्यावरून ठरते.

मुदतीच्या मध्येच वाढ मागितली तर

करार चालू असताना आणि त्यात तशी अट नसताना किराया वाढवता येत नाही. "दार बदलले", "पोराचे लग्न आहे", "सगळ्यांनी वाढवला" ही कारणे करार बदलायला पुरत नाहीत. तुम्ही ठरलेला किराया वेळेवर देत राहा. तो बँकेतून किंवा यूपीआयने द्या, आणि संदेशात "जून महिन्याचा किराया" असे लिहा. रोख द्यावा लागला तर पावती घ्या. भाडे कायदा लागू असेल तिथे पावती देणे मालकाला बंधनकारक आहे. मालकाने रक्कम परत पाठवली तर त्याची नोंद ठेवा आणि पुन्हा पाठवा. किराया न देणे हे जागा सोडायला लावण्याचे पहिले कारण ठरते. ते कारण आपल्या हाताने देऊ नका.

वाढ करारात आहे पण आकडा चुकला आहे, असे वाटले तर वाद घालण्याआधी पत्र द्या. पत्र चार ओळींचे पुरते:

"करारातील कलम अमुकप्रमाणे आरंभीचा निर्देशांक १३८.८ व या वर्षीचा १४३.७ आहे. त्यानुसार किराया ४,१४१ रुपये होतो. आपण ४,१९६ रुपये मागितले आहेत. मी ४,१४१ रुपये भरत आहे. माझ्या हिशेबात चूक असल्यास कृपया लेखी दाखवावी, फरक लगेच भरीन."

पत्र हातात देऊन दुसऱ्या प्रतीवर सही घ्या. सही मिळत नसेल तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. अशा पत्रात राग नसावा, आकडे असावेत. पुढे प्रकरण कुठेही गेले तरी हेच पत्र आधी वाचले जाईल.

मुदत संपल्यानंतर परिस्थिती वेगळी. तेव्हा मालक नवी अट घालू शकतो आणि परिशिष्टाबाहेरच्या गावात तुम्ही त्याला चार टक्क्यांवर अडवू शकत नाही. पण लगेच बाहेरही काढू शकत नाही. भाडेपट्ट्याची मुदत संपल्यावर त्याने किराया घेत राहून तुम्हाला राहू दिले, तर भाडेकरू महिनेवारी धरला जातो. महिनेवारी भाडेकरूला १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तरीही भाडेकरू निघाला नाही तर मालकाला न्यायालयातच जावे लागते. सोडून जायचे असेल तर तुम्हालाही तेवढीच नोटीस द्यायची आहे. लिव्ह अँड लायसन्समध्ये मात्र मुदत संपली की जागा सोडावीच लागते. भाडे कायदा लागू असलेल्या क्षेत्रात राहण्याच्या जागेचा ताबा मुदतीनंतर ठेवला, तर दुप्पट शुल्क भरावे लागू शकते.

वीज तोडली, कुलूप लावले

वाढ नाकारली की मोटर बंद करणे, वीज तोडणे, सामान बाहेर काढणे असे प्रकार घडतात. भाडे कायद्याच्या कलम २९ प्रमाणे आवश्यक सेवा तोडणे बेकायदा आहे. तो कायदा लागत नसला तरी वीज कायदा, २००३ प्रमाणे जागेत राहणाऱ्या व्यक्तीलाही स्वतःच्या अर्जावर जोडणी मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, मालकाने ना-हरकत दिली नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, असे सांगितले आहे. सबमीटर असेल तर प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला त्याचा फोटो काढा आणि महावितरणच्या बिलाची प्रत मागा. किराया तोच ठेवून युनिटचा दर वाढवणे हीही एक प्रकारची भाडेवाढच आहे. म्हणून युनिटचा दरही करारात लिहा.

भाडेकरूला न्यायालयाच्या हुकमाशिवाय जबरीने बाहेर काढले तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ प्रमाणे ताबा परत मिळवण्यासाठी दावा करता येतो. हे कलम गावातही लागते. मुदत सहा महिन्यांची आहे, त्यामुळे थांबू नका. त्याच दिवशी वडनेरच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या, पोच घ्या आणि कुलूप लावलेल्या दाराचे फोटो ठेवा.

दुरुस्ती आणि डिपॉझिट

किराया वाढतो तेव्हा छत गळते का, हेही विचारायचा तुम्हाला हक्क आहे. जी दुरुस्ती मालकाने करायची ठरली आहे ती त्याने मुदतीत केली नाही, तर नोटीस देऊन स्वतः करता येते आणि खर्च किरायातून वळता करता येतो. भाडे कायद्यात यासाठी १५ दिवसांची नोटीस आणि वर्षाच्या किरायाच्या चौथ्या हिश्शाची मर्यादा आहे. बिले जपून ठेवा. पावसाळ्याआधी कौले किंवा टिनपत्रे कोण बघणार, बोअरची मोटर जळली तर कोण भरणार, हे करारात आले पाहिजे.

किराया वाढला की काही मालक डिपॉझिटही त्या प्रमाणात वाढवून मागतात. "डिपॉझिट मुदतभर तेवढेच राहील" ही ओळ त्यासाठी पुरते. ते किती दिवसांत परत मिळेल आणि कशापोटी कापले जाईल, हेही लिहा. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहण्याच्या जागेला दोन महिन्यांचे आणि इतर जागांना सहा महिन्यांचे डिपॉझिट अशी मर्यादा आहे. हा राज्यांसाठी दिलेला नमुना आहे, तो आपोआप लागू होत नाही. पण बोलणी करताना दाखवायला तो उपयोगी पडतो.

गाळेधारकांसाठी दोन शब्द

खोली बदलता येते, चालते दुकान हलवणे अवघड. गिऱ्हाईक जागेला बांधलेले असते, आणि रॅक, फर्निचर, परवाना हे सगळे त्या पत्त्यावर असते. कृषी केंद्राच्या परवान्यावर तर जागेचा पत्ताच लिहिलेला असतो. म्हणून गाळ्याला अकरा महिन्यांचा करार करून पुढचे देवावर सोडू नका. तीन किंवा पाच वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा करा, त्यात वाढीची रीत आणि कमाल मर्यादा ठरवा. त्याचे मुद्रांक शुल्क लायसन्सपेक्षा जास्त असते, पण दुकानाच्या स्थैर्यासाठी तो खर्च करण्यासारखा आहे. आणि वाढ लागू होण्याचा महिना कापूस-सोयाबीनचा पैसा बाजारात येतो त्या काळात ठेवा. मे-जूनमध्ये शेतकऱ्याचा हात बियाण्याने रिकामा झालेला असतो आणि दुकानदाराची उधारी फुगलेली असते. त्या वेळची वाढ दुप्पट जाणवते.

मदत कुठे मिळेल

दिवाणी वादासाठी हिंगणघाटचे न्यायालय आहे, पण आधी तिथल्या तालुका विधी सेवा समितीकडे किंवा वर्ध्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, कामगार आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले सर्व यांना तिथे मोफत वकील मिळतो. दावा दाखल करण्याआधीही लोकअदालतीत तडजोड करता येते. १५१०० या क्रमांकावर फोन करून माहिती विचारता येते. जाताना करार, पावत्या, बँकेच्या नोंदी, मीटरचे फोटो आणि लिहिलेली पत्रे एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून न्या.

वडनेरसारख्या गावात घरमालक परका नसतो. तो काकाजी असतो, त्याच्या घरी आपण सणाला जेवलेलो असतो. त्यामुळे कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे दोघांनाही वाटते. पण अनेक घरमालकांचाही महिना त्या एका खोलीच्या किरायावर चालतो. त्यांनाही सिमेंट, औषधे, गॅस महागच मिळतो, आणि त्यांनाही पुढच्या वर्षी किती पैसे येणार हे आजच कळायला हवे. लेखी हिशेबाने दोघेही निर्धास्त होतात आणि नात्यातला संकोचही वाचतो. तेव्हा पुढचा करार करायची वेळ आली की "काकाजी, वाढीचा हिशेब आत्ताच मांडून ठेवू" असे म्हणा, आणि निर्देशांक, महिना व कमाल टक्के या तीन जागा भरल्याशिवाय सही करू नका.